आकड्याशेजारी त्याचा नियम : मजकुरात आणि स्प्रेडशीटमध्ये वसवलेली आपली फंक्शनं

मागच्या दोन व्याख्यानांत आपण व्याख्या म्हणजे काय, नैयायिक लक्षण कशाला म्हणतात, यावर बरंच बोललो. त्यावर एका श्रोत्यांनी लिहून पाठवलं की सर, हे सगळं ऐकायला छान आहे, पण पेन्शन काढणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देणार आहे, आणि ते आमच्या सोसायटीच्या हिशेबापासून सुरू होतं.

निवृत्त झाल्यावर माणसाला खजिनदार करतात. कारण त्याला वेळ असतो असा समज असतो आणि तो पैसे खाणार नाही असा विश्वास असतो. मलाही केलं. तेवीस सदनिका, एक लिफ्ट, एक पाण्याचा पंप आणि एक्सेलची एक फाइल, जी माझ्या आधीच्या दोन खजिनदारांकडून वारशाने आलेली. त्या फाइलमध्ये प्रत्येक सभासदाची एक ओळ. थकबाकी असेल तर तिच्यावर महिन्याचं व्याज.

आमच्याकडे व्याजाचा दर द.सा.द.शे. २१ होता. आदर्श उपविधींमध्ये तेव्हा सरळ व्याजाची तेवढी कमाल मर्यादा होती, आणि बहुतेक सोसायट्या कमाल तेच किमान समजत. एका सर्वसाधारण सभेत ठराव झाला की दर १२ करायचा. मी घरी आलो, फाइल उघडली, वरच्या कोपऱ्यातल्या एका सेलमध्ये २१ होते तिथे १२ लिहिले, सेव्ह केलं आणि झोपलो.

सात महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. यजमान गेल्यावर त्यांची १८,००० रुपयांची जुनी थकबाकी राहिली होती. ती कमिटीने वेगळी ठेवली होती, चालू मेंटेनन्स त्या नेमाने भरत होत्या. हातात शाळेची दोनशे पानी वही. म्हणाल्या, "सर, माझंच वेगळं का? शेजारच्यांना बाराने लावलंत, मला एकवीसने." मी म्हटलं, "वहिनी, असं होणारच नाही, सगळ्यांना एकच सूत्र आहे." त्यांनी वही पुढे केली. त्रैराशिक मांडलेलं होतं. १८,००० वर १२ टक्क्यांनी महिन्याला १८० रुपये होतात. माझ्या बिलात होते ३१५. दरमहा १३५ जास्त, सात महिन्यांचे ९४५.

मी फाइल उघडली. दराच्या सेलमध्ये १२ होते. वहिनींच्या ओळीत ३१५ होते. आणि दोन्ही गोष्टी एकाच पानावर शांतपणे नांदत होत्या.

हे कसं झालं ते आता समजावून सांगतो, कारण आजचा सगळा विषय त्यात आहे.

एक्सेलमध्ये बेरीज, सरासरी वगैरे फंक्शनं आयती मिळतात. पण आपल्याला हवं ते फंक्शन नसेल तर ते आपण लिहू शकतो. १९९३ सालच्या आवृत्तीपासून त्यासाठी व्हीबीए नावाची भाषा एक्सेलच्या आतच आहे. एकदा फंक्शन लिहून त्याला नाव दिलं की ते आयत्या फंक्शनासारखंच सेलमध्ये वापरता येतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मी शिकलो आणि 'व्याज' असं एक फंक्शन लिहिलं. कंसात थकबाकी द्यायची, व्याज मिळायचं. दर ते फंक्शन स्वतःच त्या कोपऱ्यातल्या सेलमधून उचलायचं. मला ते फार सुटसुटीत वाटलं होतं.

चूक तिथेच होती. एक्सेल प्रत्येक सेलसाठी एक नोंद ठेवतं, की हा सेल कुणाकुणावर अवलंबून आहे. ज्यांच्यावर अवलंबून, त्यांच्यात बदल झाला तरच पुन्हा गणित. आणि ही नोंद ते कशावरून करतं? कंसात काय दिलं आहे त्यावरून. माझ्या फंक्शनाच्या कंसात फक्त थकबाकी होती. आतल्या आत ते दराच्या सेलमध्ये डोकावतं, हे एक्सेलला कळायला मार्ग नव्हता. ज्यांची थकबाकी दरमहा कमीजास्त होत होती, त्यांचं गणित नव्याने झालं आणि त्या ओघात नवा दरही लागला. वहिनींची १८,००० ही एकच रक्कम अशी, जी हलली नव्हती. म्हणून त्यांचं गणित पुन्हा झालंच नाही. जुनं उत्तर तसंच बसून राहिलं. गूगल शीट्समध्ये आपण लिहिलेल्या फंक्शनांनाही हाच नियम आहे: कंसातलं बदललं नाही तर उत्तर जुनंच.

म्हणजे बघा, जी बाई एकटी, जिचा हिशेब सर्वांत साधा, नेमका तिच्यावर अन्याय झाला. कुणाच्या मनात काही नव्हतं. आणि तिने वही घातली नसती तर आजही होत राहिला असता.

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो. 'फंक्शन' हा शब्द गणितातून आला, पण तो नीट उलगडून दाखवला तो गॉटलोब फ्रेगं या जर्मन तत्त्वज्ञाने. १८९१ साली येना इथे त्याने 'फंक्शन आणि संकल्पना' या विषयावर व्याख्यान दिलं. त्याचं म्हणणं असं, की फंक्शन हे स्वतः अपुरं असतं, त्यात एक रिकामी जागा असते. मराठीत सांगायचं तर 'अमुकची राजधानी'. हे बोलणं अर्धवट आहे. 'अमुक'च्या जागी महाराष्ट्र ठेवा, मुंबई मिळते. गुजरात ठेवा, गांधीनगर मिळतं. रिकामी जागा किती आणि कुठे, यावर फंक्शनाची ओळख ठरते.

माझ्या 'व्याज' फंक्शनात खरं तर दोन रिकाम्या जागा होत्या, थकबाकी आणि दर. मी एकच दाखवली. दुसरी लपवली. फ्रेगं वाचून डॉक्टरेट केलेल्या माणसाने ही चूक करावी याचं मला जास्त वाईट वाटलं. (हशा) हसा, हरकत नाही.

पुढे १९३०च्या दशकात अलोन्झो चर्च या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने ह्या रिकाम्या जागा दाखवण्यासाठी ग्रीक अक्षर लॅम्डा वापरलं. लॅम्डा म्हणजे 'ही जागा रिकामी आहे, इथे भरा' अशी पाटी. २०२०च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये 'लॅम्डा' नावाचं फंक्शन आणल्याचं जाहीर केलं, ते त्याच अक्षराचं नाव घेऊन. त्यात वेगळी भाषा शिकावी लागत नाही. नेहमीच्याच फॉर्म्युल्यात सांगायचं, की या दोन जागा रिकाम्या, त्यांचं असं असं करायचं, आणि त्याला नेम मॅनेजरमध्ये नाव द्यायचं. त्यासाठी मॅक्रोवाली फाइल लागत नाही. गूगल शीट्समध्ये २०२२ साली 'नेम्ड फंक्शन्स' आली, तोही तोच प्रकार. चर्चच्या वेळी संगणक नव्हता, हे लक्षात घ्या. तो माणूस कागदावर बसून फंक्शन म्हणजे काय याचा विचार करत होता. नव्वद वर्षांनी सोसायटीचा खजिनदार ते वापरतोय.

आणखी एक गोष्ट मला आवडते. सेलमध्ये बसवलेलं आपलं फंक्शन दुसऱ्याच्या सेलमध्ये हात घालू शकत नाही. एक्सेलमध्ये नाही, गूगलमध्येही नाही. त्याने फक्त उत्तर परत द्यायचं. गूगल तर सांगतं की तीस सेकंदांत द्या, नाहीतर चूक दाखवीन. बंधन वाटतं, पण त्यामुळेच तक्त्यावर थोडाफार विश्वास ठेवता येतो.

आता प्रश्न असा की स्प्रेडशीटमध्ये नियम कुठे असतो? आकड्याच्या पाठीमागे. सेलवर क्लिक केलं तर वरच्या पट्टीत फॉर्म्युला दिसतो, आणि आपण लिहिलेलं फंक्शन असेल तर तेही दिसत नाही, नुसतं नाव दिसतं. छापील कागदावर तर काहीच नाही. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी व्हिजिकॅल्क केलं तेव्हा ब्रिकलिनची अडचण उलटी होती. फळ्यावर तक्ता मांडला, एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून पुन्हा. व्हिजिकॅल्कने ती मेहनत संपवली. पण फळ्यावर पुसताना वर्गातल्या सगळ्यांना दिसत होतं की काय बदललं. ते दिसणं त्या सोयीत गेलं.

हे सोसायटीपुरतं नाही. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी एक निबंध लिहिला. देशाचं कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की त्याची वाढ खुंटते, सरासरी उणे ०.१ टक्का होते, असं त्यात होतं. युरोपात सरकारी खर्चाला कात्री लावण्याच्या चर्चेत तो निबंध वारंवार पुढे केला गेला. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टच्या विद्यापीठात थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून ते गणित पुन्हा करायला बसला. जमेना. शेवटी त्याने लेखकांकडे फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. फाइलमध्ये सरासरी काढताना ओळ ३० ते ४४ घेतली होती, घ्यायला हवी होती ३० ते ४९. पाच देश बाहेर राहिले: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. हर्न्डन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ साली दाखवलं की नीट केल्यावर ती वाढ अधिक २.२ टक्के येते. फरकाला ही एकच चूक कारण नव्हती. काही वर्षांची आकडेवारी सोडणं आणि देशांना दिलेलं वजन, ही त्याहून मोठी कारणं होती. पण तीन वर्षं आकडा जगभर फिरत होता आणि नियम एका फाइलच्या पोटात होता, हे खरं.

नैयायिक याला काय म्हणतील? अव्याप्ती. लक्षणाचे तीन दोष तुम्हाला आठवत असतील. गाय म्हणजे कपिल वर्णाची, असं म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ती अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेली, तर म्हैसही आत येते, ती अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकाच सलग खुराची, तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. ओळ ३० ते ४४ ही पांढऱ्या गाईला बाहेर ठेवणारी व्याख्या आहे.

अतिव्याप्तीचं उदाहरणही स्प्रेडशीटनेच पुरवलं आहे. माणसाच्या काही जनुकांची नावं 'सेप्ट-२', 'मार्च-१' अशा धाटणीची होती. एक्सेलला वाटायचं ही तारीख. २ सप्टेंबर, १ मार्च. टाइप केलं की बदललं. शास्त्रज्ञांच्या कितीतरी तक्त्यांत असे जनुकांचे दिनांक झाले. शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली, 'सेप्टिन-२', 'मार्च-एफ-१' अशी. सॉफ्टवेअरची व्याख्या सुधारण्याऐवजी माणसाच्या जनुकाचं नाव बदललं. मला हे जरा अतीच वाटतं, पण व्यवहार तसा असतो.

मग यावर उपाय काय? डोनाल्ड नूथ हे नाव संगणकवाल्यांना माहीत असेल. त्यांनी १९८४ साली 'साक्षर प्रोग्रॅमिंग' म्हणता येईल अशी कल्पना मांडली. तिचा गाभा असा, की प्रोग्रॅम लिहिताना यंत्राला हुकूम देतो आहोत असं समजू नये, माणसाला समजावून सांगतो आहोत असं समजावं. म्हणून मुख्य लेख हा गद्याचा, आणि त्यात जिथे जिथे गरज तिथे कोडचा तुकडा. त्यांनी केलेल्या पद्धतीत एकाच फाइलमधून दोन गोष्टी निघत. एक वाचायला, एक यंत्राला. त्यांचं अक्षरजुळणीचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर 'टेक' हे अशाच पद्धतीने लिहिलं गेलं.

ही कल्पना आज सामान्य माणसाच्या हातात वेगवेगळ्या रूपांनी आली आहे. आर-मार्कडाउन आहे, ज्युपिटर नोटबुक आहे. मी वापरतो ते ऑर्ग-मोड. कार्स्टेन डॉमिनिक या नेदरलँड्समधल्या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली ईमॅक्स या एडिटरसाठी ते सुरू केलं, स्वतःच्या टिपणांसाठी. एरिक शुल्टे आणि डॅन डेव्हिसन यांनी त्यात कोड चालवण्याची सोय घातली, तिला बेबल म्हणतात.

ऑर्गची फाइल ही साधी टेक्स्ट फाइल. नोटपॅडमध्ये उघडा, वाचता येते. उभ्या दांड्या टाकून तक्ता मांडायचा, आपण वहीत मांडतो तसा. तक्त्याच्या खाली एका ओळीत सूत्र लिहायचं: तिसरा रकाना म्हणजे दुसरा रकाना गुणिले दर, भागिले बाराशे. ते सूत्र तक्त्याखालीच छापल्यासारखं दिसतं, पाठीमागे नाही. त्याहून मोठं काही हवं असेल तर 'इथून कोड सुरू', 'इथे संपला' अशा दोन ओळींच्या मधे फंक्शन लिहायचं, त्याला नाव द्यायचं, आणि फाइलमध्ये दुसरीकडे कुठेही त्या नावाने हाक मारायची. तक्ताही नाव देऊन त्या फंक्शनाला पुरवता येतो. उत्तर तिथेच खाली येऊन बसतं.

माझी फाइल आता कशी आहे सांगतो. वर सभेचा ठराव, जसाच्या तसा मराठीत: तारीख, सूचक, अनुमोदक, दर १२. त्याखाली चार ओळींत मी लिहिलं आहे की व्याज सरळ आहे, चक्रवाढ नाही, आणि महिना म्हणजे वर्षाचा बारावा भाग, दिवस मोजायचे नाहीत. त्याखाली फंक्शन. कंसात दोन गोष्टी, थकबाकी आणि दर. त्याखाली सभासदांचा तक्ता. भाषा पायथन, आणि गंमत म्हणजे पायथनमध्ये फंक्शनाचं नाव देवनागरीत ठेवता येतं. 'व्याज' हे नाव 'व्याज' असंच आहे. उद्या हिशेबतपासनीस आले, किंवा माझ्यानंतर दुसरा कुणी खजिनदार झाला, तर त्याने वरून खाली वाचत यावं. एवढंच.

आता याचाही दोष सांगतो. ऑर्ग आपणहून काही मोजत नाही. आकडा बदलला तरी तुम्ही सांगेपर्यंत जुनं उत्तर तसंच राहतं. म्हणजे वहिनींचा प्रश्न इथेही येऊ शकतो! फरक असा की एक्सेल आपल्याला सवय लावतं की ते सगळं आपोआप ताजं ठेवतं, आणि मग जिथे ठेवत नाही तिथे आपण फसतो. इथे मला माहीत आहे की मोजणं हे माझं काम. बिलं छापण्याआधी मी पूर्ण फाइल एकदा चालवतो. विसरलो तर दोष माझा.

थोडं दुसऱ्या फंक्शनाबद्दल बोलू, कारण ते लिहिताना मला जास्त मजा आली. पावतीवर 'अक्षरी रुपये' लिहावं लागतं. एक्सेलमध्ये थाई लोकांसाठी 'बाटटेक्स्ट' नावाचं आयतं फंक्शन आहे, आकडा द्या, थाई लिपीत अक्षरी बाट मिळतात. रुपयांसाठी असं काही नाही. इंग्रजी शब्द देणारं एक तयार फंक्शन लोक वापरतात, पण ते दहा लाखाला वन मिलियन म्हणतं. सोसायटीच्या पावतीवर मिलियन कसं लिहायचं?

म्हणून मीच लिहायला बसलो. रचना सोपी वाटते. आकड्यातून आधी कोटी काढा, उरलेल्यातून लाख, मग हजार, मग शे, आणि शेवटचे दोन अंक. २,०७,३५० म्हणजे दोन लाख सात हजार तीनशे पन्नास. ज्या गटात शून्य, तो गट मुकाट्याने सोडायचा, नाहीतर १,००,००५ चं 'एक लाख शून्य हजार पाच' होतं. कोटी नव्याण्णवच्या वर गेले तर फंक्शनाने त्या कोटींच्या आकड्यासाठी स्वतःलाच पुन्हा बोलवायचं. आमच्या सोसायटीत ती वेळ येणार नाही.

पण एक ते नव्याण्णवचं काय? इंग्रजीत वीसच्या पुढे नियम आहे. मराठीत प्रत्येकाला स्वतंत्र शब्द. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या पद्धतीबरोबर 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला आठवतंय ना? फंक्शन लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती पद्धत फार सोयीची, सत्तावीस शब्दांत काम भागतं. पण पावतीवर 'पन्नास सात' लिहिलं तर लोक मला खजिनदारपदावरून काढतील.

मी विचार केला, निदान नऊवर संपणाऱ्यांना तरी नियम आहे. पुढच्या दशकाला 'एकोण' लावा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, पार एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत. नियम लिहिला, खूश झालो. मग ९९ घातले. उत्तर आलं, 'एकोणशंभर'. असा शब्द कुणी म्हणत नाही, आपण नव्याण्णव म्हणतो. अतिव्याप्ती. नियम खोडला आणि नव्याण्णव शब्दांची यादी मुकाट्याने टाइप केली. मग १०० घातले, तर 'एकशे' आलं. इथे शंभर हवं, पण १०५ ला एकशे पाचच हवं आणि १,१०० ला एक हजार एकशेच. आणि शंभर कोटीला पुन्हा शंभर. हे सगळं आपण बोलताना न चुकता पाळतो आणि सांगता मात्र येत नाही. फंक्शन लिहिणं म्हणजे आपल्याला जे येतं ते आपण सांगू शकतो का, याची परीक्षा आहे.

असंभवही एकदा भेटला. बँकेच्या स्टेटमेंटमधून आकडे उतरवले आणि सगळीकडे चूक दिसायला लागली. आकड्यांच्या मागे एकेक मोकळी जागा चिकटून आली होती, म्हणून एक्सेल त्यांना आकडे समजतच नव्हतं, मजकूर समजत होतं. माझ्या फंक्शनाला एकही गाय सापडेना.

एक सावधगिरीची गोष्ट. दस्तऐवजात कोड असतो याचा अर्थ दस्तऐवज काहीतरी करू शकतो. १९९९च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा विषाणू वर्डच्या फाइलमधल्या मॅक्रोतून ईमेलवर पसरला. लोकांनी कागद समजून उघडलं आणि तो यंत्र निघाला. २०२२पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. ऑर्गसुद्धा प्रत्येक तुकडा चालवण्याआधी विचारतं, चालवू का? लोक कंटाळून तो प्रश्न बंद करतात. मी केलेला नाही. स्वतःच्या फाइलला विचारलं तर काय बिघडतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलला तर विचारायलाच हवं.

आता प्रश्न घेऊ. दोन आधीच आलेत.

पहिला प्रश्न आहे, "आमच्या ट्रस्टमध्ये सगळे एक्सेलच वापरतात. ते सोडून ईमॅक्स शिका असं आम्ही कुणाला सांगणार?"

सांगू नका. मीही आमच्या कमिटीला सांगितलं नाही, बिलांची प्रत त्यांना एक्सेलमध्येच जाते. एक करा. त्याच फाइलमध्ये 'नियम' नावाचं एक वेगळं पान ठेवा. त्यावर आपण लिहिलेल्या प्रत्येक फंक्शनाचं नाव, ते काय घेतं, काय देतं, कोणत्या ठरावावरून. आणि पुढे उत्तर आधीच माहीत असलेली चार-पाच उदाहरणं, हाताने काढलेली. शेजारच्या रकान्यात फंक्शनाचं उत्तर येऊ द्या. दोन्ही जुळले नाहीत तर रांग लाल झाली पाहिजे, तशी अट एक्सेलमध्ये एकदा लावून ठेवता येते. आणि फंक्शनाला जे काही लागतं ते सगळं कंसातून द्या. दर, तारीख, काहीही. एकही गोष्ट त्याने आतल्या आत उचलता कामा नये. उदाहरणं निवडताना तीन दोष आठवा. ज्याचं काहीच बदलत नाही अशी एक रक्कम घ्या, शून्य घ्या, आणि जिथे नियम संपतो तिथली एक घ्या, आपल्या नव्याण्णवसारखी.

दुसरा प्रश्न, "त्या वहिनींचं पुढे काय झालं?"

९४५ रुपये पुढच्या बिलातून वळते केले आणि कमिटीच्या इतिवृत्तात चूक खजिनदाराची होती अशी नोंद केली. त्यांनी मला विचारलं की सर, आता बरोबर येतंय हे मला कसं कळणार? मी त्यांच्याकडून ती दोनशे पानी वही दोन दिवस मागून घेतली. 'नियम' पानावरच्या उदाहरणांत पहिल्या चार ओळी त्या वहीतल्या आहेत. १८,००० आणि १२, उत्तर १८०. शेजारी लिहिलं आहे, 'हाताने काढलेले, तिसरा मजला'. दर महिन्याच्या पाच तारखेला त्या फोन करतात, "सर, पहिली ओळ बघितली का?" मी म्हणतो बघितली. मग बिलं वाटतो.